मागचे शॉकअप

“हे मेलंय,” दाजी गाडीखालून म्हणाले. “आणि दुसरं मरायला टेकलंय. हात दे इकडं.”

मी खड्ड्यात उतरलो. दाजींनी माझी बोटं धरून तांब्याएवढ्या एका गोल लोखंडी डब्यावर ठेवली. डब्याला तेलाचा ओघळ सुटला होता. त्यातून निघालेला दांडा मी वरखाली करून पाहिला, तर तो खिळखिळ्या खुंटीसारखा लोंबला.

“चौतीस सालची फोर्ड, आणि शॉकअपही चौतीस सालचेच,” दाजी म्हणाले. “लिव्हरचे. आतलं तेल दांड्याला अडवून धरतं, म्हणून स्प्रिंगचा पाटा उड्या मारत नाही. आता तेलच राहिलं नाही. मागची बाजू बेडकासारखी उडणार नाही तर काय करणार?”

तो तेलाचा ओघळ दाजींना दिसत नव्हता. काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे नेले होते.

माझे दाजी, भूपाल मगदूम, कुपवाडला स्वतःचं वर्कशॉप चालवायचे. इंजिनाचे भाग कातण्यात त्यांचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं. नजर कमी व्हायला लागली तरी ते लेथ सोडेनात. एक दिवस लेथनं डाव्या हाताच्या बोटाचं पेर नेलं, आणि माझ्या बहिणीनं, राजमतीआक्कानं, वर्कशॉपला कुलूप घालून किल्ली कमरेला खोचली. त्या दिवसापासून दाजी घराच्या पुढच्या सोप्यात खुर्ची टाकून बसायला लागले. कोणी आलं तर बोलायचे. नाही आलं तर नाही.

कुलपाआड ही गाडी राहिली होती. नजर शाबूत असताना दाजींनी मिरजेच्या एका भंगारवाल्याकडून तिचा सांगाडा आणला होता. त्याच भंगारात त्यांना एक अमेरिकन मासिक सापडलं. तिकडची पोरं जुन्या फोर्ड घेऊन मडगार्ड काढतात, टप कापतात, इंजिन उघडं ठेवतात आणि वाळलेल्या तळ्यांच्या तळावर सुसाट पळवतात, असे त्यात फोटो होते. हॉट रॉड म्हणतात म्हणे त्यांना. दाजींनी तशीच गाडी बांधली. टप नाही, मडगार्ड नाहीत, पुढं आठ सिलिंडरचं इंजिन चमकतंय. कुपवाडची माणसं तिला बोडकी म्हणायची. आक्काच्या कानावर तो शब्द पडला की ती भडकायची. “सवाष्णीच्या दारात असलं नाव घेऊ नका,” म्हणायची.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी साखर कारखान्यात फिटर होतो. पावसानं दगा दिल्यामुळं ऊस कमी होता, गाळप लवकर संपलं आणि मी मोकळा झालो. पुण्याच्या एका हौशी गृहस्थांना ती गाडी हवी होती. त्यांनी संक्रांतीला येऊन चालवून पाहिली. खराब रस्त्यावर मागची बाजू अशी उडाली की ते उतरले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर रक्त नव्हतं. “मागचं नीट करून द्या, मग नेतो,” म्हणून गेले.

म्हणून आक्कानं मला निरोप धाडला होता. कुलूप काढताना ती मला म्हणाली, “हे बघ सुकुमार. शॉकअप बदलायचे, गाडी द्यायची, विषय संपला. ह्यांना लेथपाशी जाऊ द्यायचं नाही. शब्द दे.”

मी शब्द दिला.

तसले जुने शॉकअप कुठं मिळणार? मिळाले तरी दुरुस्त कोण करणार? दाजींनी आधीच ठरवलं होतं. जीपला असतात तसले, नळीत नळी सरकणारे शॉकअप बसवायचे. म्हणायला सोपं होतं. पण त्या गाडीला ते धरायला जागाच नव्हती. वरचं टोक अडकवायला चासीवर आडवा पाइप टाकावा लागणार होता, आणि खालचं टोक धरायला मागच्या ॲक्सलच्या हौसिंगवर, म्हणजे बाहेरच्या नळीवर, कान बसवावे लागणार होते.

“कान सरळ वेल्ड करून टाकतो,” मी म्हणालो.

“हौसिंगला आच लावायची नाही,” दाजी म्हणाले. “तापलं की वाकतं, आणि वाकलं की आतला ॲक्सल खातं. यू-बोल्टनं आवळ.”

ते बरोबर होतं. पण पुढचं त्यांचं चुकलं. शॉकअप सरळ उभे लावायचे असा त्यांचा हट्ट होता. मी म्हणत होतो, वरची टोकं आत झुकवू, नाहीतर जागा पुरणार नाही. ऐकेनात. लावले उभे. गाडी जॅकवरून खाली घेतली आणि मी सीटवर धपकन बसलो, तर खालून ठण्ण् असा आवाज आला. दांडा पार आत जाऊन बुडाला आपटला होता.

दाजींनी खाली हात घालून दांडा चाचपला. मग हसून म्हणाले, “माणसं बसल्यावर गाडी खाली येते, हेच विसरलो बघ. बऱ्याच दिवसांत कोणी बसलंच नाही.”

आता खरं माप घ्यायचं तर दोन माणसांचं वजन गाडीत हवं होतं, आणि खाली दाजींचा हात. एक माणूस मी. दुसरं कोण?

“राजमती!” दाजींनी हाक मारली.

आक्का पीठ लागलेल्या हातानंच आली. कशाला बोलावलंय ते ऐकल्यावर म्हणाली, “मी? आणि ह्या बोडकीत?” आणि स्वतःच जीभ चावली. मला हसू आवरेना. शेवटी ती चढली. पदर खांद्यावर ओढून, फोटो काढायला बसल्यासारखी समोर बघत बसून राहिली. दाजी खड्ड्यात उतरून दोन्ही हातांनी चाचपत होते. मी वरचं टोक किती झुकवायचं ते बसल्या जागेवरून सांगत होतो, ते दांड्यावर बोट फिरवून बघत होते.

“आता आलं,” खालून आवाज आला. “अर्धा आत, अर्धा बाहेर. तुझंच खरं, सुकुमार. झुकवायलाच पाहिजेत.”

“झालं असलं तर उतरू का?” आक्का म्हणाली.

“बस की जरा,” दाजी म्हणाले. “खड्ड्यातून तुझ्या जोडव्यांचा आवाज बरा येतोय.”

ती लाजली असावी. पण बसून राहिली.

काम संपल्यावर मी गाडी रस्त्यावर काढली. दाजी शेजारी बसले. मला वाटलं होतं ते वेगाबद्दल विचारतील, इंजिनाबद्दल विचारतील. पण ते एक तळवा सीटवर टेकवून, मान थोडी खाली घालून बसले होते. देवळात माणूस बसतो तसे.

“डावं चाक डांबराच्या खाली गेलं तुझं,” मध्येच म्हणाले.

खरंच गेलं होतं, वीतभर.

“आता मुद्दाम खडीवरनं घे,” ते म्हणाले. घेतली. “आता मातीवरनं.” घेतली. “परत डांबरावर. परत खडी.” असं आम्ही कुपवाडच्या बाहेर चिक्कार वेळ करत राहिलो. मागची बाजू आता उडत नव्हती. खड्डा आला की ती एकदाच खाली दबायची, वर यायची आणि शांत व्हायची. आणि दाजी हसत होते. मोठ्यांदा नाही, आपल्याशीच. नजर गेल्यापासून मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. गाडी छान झाली म्हणून हसतायत असंच मी धरून चाललो.

घरी आल्यावर त्यांनी आक्काला सांगितलं, “द्यायच्या आधी एकदा वाळलेल्या तळ्यावर पळवून आणतो. सुकुमार चालवेल.”

खडीवरच्या फेऱ्यांचं मी आक्काला नुकतंच सांगितलं होतं. तिनं दाजींकडं नीट पाहिलं. मग म्हणाली, “मी पण येणार. डबा घेते.”

जतच्या पुढं एक साठवण तलाव होता. त्या साली तो तळापर्यंत आटला होता. आम्ही तिघं त्या एकाच लांबड्या सीटवर दाटीवाटीनं बसून निघालो. वाटेत पोरं मागं धावायची, म्हाताऱ्या दारात येऊन तोंडाला पदर लावायच्या. दुपार कलती झाल्यावर आम्ही तलावाच्या उत्तरेच्या काठावर पोहोचलो, आणि मी इंजिन बंद केलं.

आयुष्यात इतकं मोठं सपाट मी पाहिलं नव्हतं. काठाला लालसर मुरूम होता. त्याच्या पुढं गाळ वाळून भेगाळला होता, भाकरी तडकावी तसा. आणि त्याच्याही पुढं, मधोमध, भेगासुद्धा नाहीत, शेणानं सारवल्यासारखी एकसंध पांढुरकी जमीन. पार लांब, डोळे बारीक केल्यावर, धरणाची भिंत एका रेघेसारखी दिसत होती. झाड नाही, दगड नाही, पाखरू नाही. कुठूनच काही आवाज येत नव्हता. आक्का हात जोडायला निघाली होती, मग कोणाला जोडायचे ते न कळून तिनं ते खाली घेतले.

“कसं आहे?” दाजींनी विचारलं.

आक्का म्हणाली, “पाणी गेलंय, पण तळं तसंच आहे.”

दाजींनी चपला काढल्या. माझा खांदा धरून ते अनवाणी चालत निघाले. मुरमावर थांबले, भेगांवर थांबले, सपाट जमिनीवर थांबले. प्रत्येक ठिकाणी पाय घासून पाहिला. काठावर बिराप्पा नावाचा एक मेंढपाळ बसला होता. त्यानं मला हळूच विचारलं, “ह्यो मानूस काय हुडकतोय?” मला तरी कुठं माहीत होतं?

मी एक फेरी मारली, दाजींना शेजारी घेऊन. भिंतीच्या अलीकडं रुंद वळण घेतलं आणि परत आलो. गाडी बाणासारखी गेली. काठावर थांबल्यावर दाजी खाली उतरले, गाडीला हात लावत मागून वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि म्हणाले, “आता सरक.”

मला आधी कळलंच नाही.

“दाजी, काहीतरीच काय?”

“सरक म्हणतोय ना.”

“नाही सरकणार. तिकडं दगडाची भिंत आहे. आक्का, तू सांग की ह्यांना.”

आक्का मुरमावर उभी होती. ऊन तिच्या तोंडावर होतं.

“तुला काय वाटलं, मी डबा द्यायला आले?” ती मला म्हणाली. “हे खडीवरनं गाडी घ्यायला सांगत होते म्हणालास, तेव्हाच मला कळलं.” मग ती दाजींकडं वळली. “अहो, नक्की?”

“नक्की,” दाजी म्हणाले. “जुन्या शॉकअपवर सगळी जमीन सारखीच लागायची. नुसते धक्के. आता प्रत्येक जमीन वेगळी कळतीय, राजमती. मला हे पुण्याच्या माणसासाठी नको होतं.”

आक्कानं पदर कमरेला खोचला. मग आक्का म्हणाली, “सुकू, उतर तू. मी बसते.”

“आक्का, तुला गाडीतलं काही कळत नाही!”

“गाडीतलं नाही कळत. ह्यांचं कळतं.”

मी उतरलो. आजही कोणी विचारलं की का उतरलास, तर मला नीट सांगता येणार नाही. ती हट्टानं बोलली असती तर मी ऐकलं नसतं. पण ती पाणी वाढून देताना बोलते तशी बोलली.

त्यांनी आपसात खुणा ठरवल्या. दाजी उजवीकडं, चाकामागं. आक्का डावीकडं, तिचा हात त्यांच्या खांद्यावर. खांदा ओढला तर डावीकडं, ढकलला तर उजवीकडं, मुठीत आवळला तर थांबायचं. बिराप्पा हे सगळं ऐकत होता. त्याला जेव्हा उमगलं, तेव्हा तो एकदम उठला आणि म्हणाला, “आरं बाबा! थांबा, मेंढरं लांब घालतो.” आणि खरंच मेंढरं वर हाकून धापा टाकत परत आला.

गाडी निघाली. पहिल्यांदा चाचपडत, मुरमावरून, भेगांवरून. मग ती सपाट जमिनीवर आली, आणि दाजींनी पाय दाबला. त्या इंजिनाचा आवाज मला माहीत होता, पण तो तसा उघड्यावर कधी ऐकला नव्हता. तो जमिनीतून माझ्या पोटऱ्यांत आला. मागं धुळीचा पांढरा लोट उठला आणि उठतच राहिला. गाडी लहान लहान होत गेली, आक्काचा पदर सुटून वाऱ्यावर फडफडला, मग तोही दिसेना. नुसता धुळीचा एक ठिपका भिंतीच्या रेघेकडं सरकत होता.

“वळव, आक्का,” मी म्हणत होतो, “वळव, वळव.” माझा हात बिराप्पाच्या दंडावर घट्ट बसला होता हे मला नंतर कळलं.

ठिपका वळला. सावकाश, मोठा घेर घेऊन, जसा मी घेतला होता तसाच. आणि आमच्याकडं तोंड करून थेट यायला लागला.

गाडी मोठी होऊ लागली. गेली त्यापेक्षा वेगात येत होती. दोरी धरल्यासारखी सरळ. चाकाच्या मागं दाजींचा चेहरा दिसायला लागला, थोडा वर केलेला, उन्हाकडं. शेजारी आक्का. आणि मग मला दिसलं. आक्काचा हात दाजींच्या खांद्यावर नव्हता. तिचे दोन्ही हात तिच्या मांडीवर होते.

मी ओरडलो. तो आवाज काय जाणार तिकडं? बिराप्पा मला बाजूला ओढत होता. गाडी भेगांवर चढली, तिचा सूर बदलला. मुरमाला पुढची चाकं लागली, आणि त्या क्षणी ब्रेक लागला. लाल खडे आमच्या पायांपर्यंत उडाले. गाडी आमच्यापासून बैलगाडी आडवी मावेल एवढ्यावर येऊन उभी राहिली.

धूळ आमच्या अंगावर आली आणि मग खाली बसली. बिराप्पा डोक्याचा पटका सोडून नुसता हातात धरून उभा होता.

दाजी उतरले. त्यांच्या पापण्या, मिशा, सगळं पांढरं झालं होतं.

“जाताना ऊन उजव्या गालावर होतं,” ते म्हणाले. “येताना डाव्या गालावर धरलं. आणि मुरूम... मुरूम खालून असा आला सुकुमार, जशी कोणी हाक मारावी. वळल्यावर हिनं हात काढला बघ. म्हटलं, बसला बाईचा विश्वास. आता रस्ता माझा.”

मग ते गाडीला हात लावत मागच्या बाजूला गेले, खाली बसले आणि नव्या शॉकअपवर तळवा ठेवून तसेच बसून राहिले.

पुढचं सांगून टाकतो. गाडी ठरल्याप्रमाणे पुण्याला गेली. दाजींनी ती स्वतः हवाली केली आणि यू-बोल्ट अधूनमधून आवळत जा म्हणून त्या गृहस्थांना बजावलं. दाजींना वाईट वाटलेलं दिसलं नाही. वर्कशॉप उघडंच राहिलं. लेथ त्यांनी विकला, पण पुढं कितीतरी वर्षं आसपासच्या जीपगाड्या शॉकअपसाठी त्यांच्याकडंच यायच्या. आता ते नाहीत. पण मला सांगायचंय ते त्या दुपारचंच आहे.

आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवायचं. आक्का थोडं लांब, काठावरच्या उतारावर डबा सोडायला बसली होती. मी तिच्यापाशी गेलो. मला राग आला होता, आणि भीती अजून अंगातून गेली नव्हती.

“हात का काढलास?” मी दबक्या आवाजात विचारलं. “त्यांना वाटतंय तुझा विश्वास बसला. थोडं जरी तिरकं गेलं असतं तर?”

ती डब्याची कडी काढत होती. निघेना. मी डबा घेतला आणि काढून दिली.

“मला दिसत असतं तर मी हात काढलाच नसता,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“वळलो, गाडी सरळ लागली, आणि मी डोळे मिटले.”

मी खाली बसलो.

“कुठवर?”

“ब्रेक लागेपर्यंत.”

तिच्या भुवयांवर धूळ होती. तिनं ती पुसली नाही. भाकरीचं फडकं सोडून परत गुंडाळलं.

“रोज मीच सांगते त्यांना,” ती म्हणाली. “इथं पायरी आहे, इथं ताट आहे, इथं उंबरा आहे. ते कुठं राहतात ते मला कधी कळलंच नाही सुकू. एका घरात राहून. म्हटलं, एकदा जाऊन तरी बघावं.”

“आणि?”

“आधी भ्याले. जीव जाईल असं वाटलं. मग खालची जमीन लागायला लागली. सपाट, मग भेगा. वारा. गालावर ऊन. त्यांच्या श्वासाचा आवाज, एवढ्या गोंगाटात.” समोर तो सगळा पांढरा तळ पसरला होता, पण ती तिकडं बघत नव्हती. “मला वाटायचं तिथं अंधार असेल. तसं नाही रे. केवढं मोठं आहे ते. मला माहीतच नव्हतं.”

गाडीपाशी दाजी अजून तसेच बसले होते. बिराप्पा त्यांच्या समोर उकिडवा बसून काहीतरी विचारत होता.

“त्यांना सांगणार आहेस?” मी विचारलं.

“काय सांगायचं?” आक्का म्हणाली. “ते तिथंच होते की.”